नळीतला पीळ

काडतुसांच्या खोक्यावर गोळीचं वजन ठळक अक्षरांत छापलेलं असतं. ५५ ग्रेन, ६९ ग्रेन, ७७ ग्रेन. (ग्रेन हे वजनाचं बारीक माप, पंधराएक ग्रेनचा एक ग्रॅम.) खोकं उलटंपालटं करून बघितलं तर वेग सापडतो, ऊर्जा सापडते, शिशापासून जपा असा इशाराही सापडतो. गोळीची लांबी मात्र कुठेच छापलेली नसते. आणि रायफलच्या नळीला नेमकी तीच हवी असते. वजनाशी तिला फारसं देणंघेणं नाही.

मी अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियाच्या पश्चिम भागात राहतो. नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग उरकलं की इथे हरणांचा रायफलचा हंगाम सुरू होतो. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी शाळांना त्यानंतरच्या सोमवारी सुट्टी असते आणि ऑफिसात त्या आठवड्यात कुणी महत्त्वाची मीटिंग लावत नाही. मी शिकार करत नाही. घरात चालणार नाही हे एक, आणि खरं सांगायचं तर मलाही ती नको आहे. पण कागदावर भोकं पाडायचा नाद लागला आणि त्या नादापायी एक स्वस्तातली बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची, रायफल घरात आली.

स्वस्तातली म्हणजे चार-पाचशे डॉलरच्या आतबाहेरची. सॅव्हेज ॲक्सिस, रुगर अमेरिकन, मॉसबर्ग पेट्रियट ही त्या पंगतीतली मंडळी. प्लॅस्टिकचा हलका दस्ता, ओढताना जरा खरखरणारा बोल्ट, आणि ‘एवढ्या पैशांत अजून काय पाहिजे’ असा एकूण आविर्भाव. यातलं बहुतेक सगळं पुढेमागे बदलता येतं. ट्रिगर बदला, दस्ता बदला, दुर्बीण बदला. नळी बदलायची तर मात्र रायफलच्या किमतीच्या आसपास पैसे मोजावे लागतात. सॅव्हेजची नळी एका नटाने आवळलेली असते, त्यामुळे हौशी लोक ती घरच्या घरी बदलतात. पण तिथे मजुरी वाचते, नळीचे पैसे वाचत नाहीत. थोडक्यात, कारखान्याने नळीत जो पीळ घातला, म्हणजे गोळीला फिरवणारे जे आटे आत पाडले, तो तुमच्या पदरात पडला. दुकानात लोक दहा मिनिटं ट्रिगरवर चर्चा करतात, आणि हा आकडा नळीच्या बाजूला बारीक अक्षरांत कोरलेला असतो तो कुणी वाचत नाही.

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात लेथच्या आवाजात मोठा झालो, त्यामुळे आटे म्हटलं की मला पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, विचारावासा वाटतो. रायफलच्या नळीतले आटे फारच सैल असतात. १:९ म्हणजे नऊ इंच पुढे जाताना गोळीचा एक पूर्ण फेरा. १:१२ म्हणजे बारा इंचांत एक. आकडा लहान, तेवढा पीळ जास्त. हे उलटं गणित डोक्यात बसायला थोडा वेळ लागतो, आणि ‘फास्ट ट्विस्ट’, ‘स्लो ट्विस्ट’ असं बोलणाऱ्या जुन्या लोकांचाही कधीकधी घोटाळा होतो.

फेरा कशासाठी, हे भोवरा खेळलेल्या कुणालाही सांगायला नको. जाळी नीट गुंडाळून जोरात ओढली की भोवरा आरेवर ताठ उभा राहतो, वेग उतरला की डोलायला लागतो आणि आडवा होतो. भोवऱ्याला पाडायला बघते जमीन, म्हणजे गुरुत्वाकर्षण. गोळीला पाडायला बघते समोरची हवा. टोकदार गोळीचं वजन मागच्या बाजूला जास्त असतं आणि हवेचा रेटा बसतो तो पुढे नाकाशी. म्हणजे हवा तिला सतत उलटवायच्या प्रयत्नात. गोळी जितकी लांब, तितका हवेच्या हातातला दांडा लांब, आणि तितका तिला जास्त फेरा लागतो.

इथे वजनाचा भ्रम कसा तयार होतो ते बघण्यासारखं आहे. एकाच कॅलिबरच्या, म्हणजे एकाच जाडीच्या, शिशाच्या गोळ्या घेतल्या तर वजन वाढवायला एकच दिशा उरते, लांबीची. माझ्या .२२३ च्या (हा आकडा साधारण गोळीच्या जाडीचा, इंचांत) गोळ्यांना व्हर्नियर लावला तर ५५ ग्रेनची पाऊण इंचाला जरा कमी भरते आणि ७७ ग्रेनची जेमतेम एक इंच. वजनातला फरक दीड ग्रॅमसुद्धा नाही. त्यामुळे वजनावरून लांबीचा अंदाज बांधायची सवय लागली आणि ती बरीच वर्षं खपून गेली. पण टोकाला प्लॅस्टिकची नोक असलेली ७५ ग्रेनची मॅच, म्हणजे स्पर्धेसाठीची, गोळी त्या ७७ ग्रेनवालीपेक्षा लांब निघते. वजनाने हलकी आणि तरी जास्त पीळ मागणारी. खोक्यावरचा आकडा वाचून घेणारा इथे फसतो.

वजनाचा संबंध किती थोडा आहे हे बघायचं तर आपल्याच इतिहासातली एक रायफल काढावी. १८५७ ची एनफिल्ड. तिच्या काडतुसाला लावलेल्या चरबीबद्दल शाळेपासून आपण वाचत आलोय, नळीबद्दल कुणी बोलत नाही. १८५३ च्या त्या नमुन्याची गोळी सुमारे ५३० ग्रेनची, माझ्या ७७ ग्रेनच्या जवळपास सातपट जड. आणि नळीत पीळ किती? ७८ इंचांत एक फेरा. नळीची स्वतःची लांबी ३९ इंच, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत जेमतेम अर्धी वळत असे. तरीही ती सरळ जायची, कारण ती बोटाच्या पेराएवढी जाड आणि बुटकी होती, शिवाय बुडाशी पोकळ असल्यामुळे वजन नाकाकडे सरकलेलं होतं. त्याच काळात व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनियरने जाडी कमी करून तेवढ्याच वजनाची लांबुडकी गोळी आणली. तिला त्याने २० इंचांत एक फेरा दिला. वजन तेच, पीळ जवळजवळ चौपट.

हे सगळं कागदावर मांडलं आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल या गणिताच्या प्राध्यापकाने. इंग्लंडमधल्या वूलिच इथे तो तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवायचा. १८७९ मधलं त्याचं सूत्र तोफगोळ्यांसाठी होतं, पण ते इतकं सुटसुटीत आहे की पाकिटावर करता येतं. गोळीच्या जाडीचा वर्ग घ्या, त्याला १५० ने गुणा, लांबीने भागा. उत्तर येईल ते पिळाचे इंच. वेगवान रायफलसाठी १५० च्या जागी १८० घेतात. माझी ५५ ग्रेनवाली घातली की १८० च्या हिशेबाने साधारण १२ येतं. ७७ ग्रेनवाली घातली की ९. सूत्रात वजन कुठेही नाही. सव्वाशेहून अधिक वर्षं हे सूत्र छापलेलं आहे आणि खोक्यावर अजून वजनच छापतात.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, ऐंशीच्या पुढचे. गवत कापायच्या यंत्रावरून आमची ओळख झाली आणि बंदुकांवरून वाढली. त्यांच्याकडे वडिलांची रेमिंग्टन ७२२ आहे. हे मॉडेल १९४८ चं. महायुद्ध संपलेलं, गिऱ्हाईक दारात उभं, आणि कंपनीला विंचेस्टरच्या मॉडेल ७० पेक्षा स्वस्तात चांगली रायफल काढायची होती. त्यांनी युक्ती अशी केली की रिसिव्हर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो ते धड, गोल ठेवला, म्हणजे गोल बारमधून लेथवर काढता यावा. काही भाग पत्र्यातून ठोकून काढले. उद्यमनगरातल्या कुठल्याही मिस्त्रीने ती हातात घेतली तर ‘शहाणा माणूस होता’ असं म्हणेल. आजची बहुतेक स्वस्त रायफल-मंडळी, गोल रिसिव्हरवाली, त्याच वाटेने आलेली आहेत.

आजोबांची ७२२ आहे .२४४ रेमिंग्टनमध्ये, आणि माझ्या मते पिळाची खरी गोष्ट या काडतुसाची आहे.

१९५५ साली एकाच वर्षी दोन कंपन्यांनी सहा मिलिमीटरची दोन काडतुसं आणली. विंचेस्टरचं .२४३ आणि रेमिंग्टनचं .२४४. गोळीची जाडी दोघांची एकच. रेमिंग्टनच्या काडतुसात दारू थोडी जास्तच मावायची. कागदावर ते सरस. पण विंचेस्टरने नळीत पीळ घातला १:१० आणि रेमिंग्टनने १:१२. रेमिंग्टनची अटकळ अशी होती की ही लहान गोळी लोक ग्राउंडहॉगसाठी वापरतील. शेतात बिळं करणारा हा गुबगुबीत प्राणी, त्याला लांबून टिपायचं म्हणजे हलकी, वेगवान गोळी. म्हणून कारखान्याची काडतुसं ७५ आणि ९० ग्रेनची. विंचेस्टरने ८० आणि १०० ग्रेनची दिली. ८० ग्राउंडहॉगसाठी, १०० हरणासाठी.

ज्याच्या कपाटात पाच रायफली आहेत त्याला दोन्ही सारखंच. पण ज्याला एकच रायफल परवडते त्याला उन्हाळ्यात ग्राउंडहॉग आणि हिवाळ्यात हरीण, दोन्ही एकाच नळीतून हवं असतं. त्याने दुकानात विचारलं, यात १०० ग्रेन चालते का? दुकानदार म्हणाला, त्या दुसरीत चालते. संपला विषय. खरं तर .२४४ मधून ९० ग्रेनच्या गोळीने हरीण व्यवस्थित पडायचं, आणि बुटक्या नाकाच्या १०० ग्रेनच्या काही गोळ्याही त्या नळीला चालून जायच्या. पण बाजारात एकदा ‘चालत नाही’ असं बसलं की बसलं. १९६३ मध्ये रेमिंग्टनने त्याच काडतुसाचं ६ मिमी रेमिंग्टन असं नवं बारसं केलं आणि पीळ १:९ केला. तोवर .२४३ खूप पुढे निघून गेलं होतं. आज .२४३ कुठल्याही गावातल्या दुकानात मिळतं आणि आजोबा आपली काडतुसं स्वतः भरतात.

त्यांच्या नळीवर पीळ कोरलेला नाही, म्हणून एका रविवारी आम्ही तो मोजला. नळी साफ करायचा गज घ्यायचा, मुठीत बेअरिंग असलेला, म्हणजे गज मोकळा फिरतो. टोकाला कापडाची घट्ट चिंधी. बोल्ट काढून, आत काही नाही याची खात्री करून, गज तोंडाकडून थोडा आत ढकलायचा. चिंधी आट्यांत रुतली की गज ढकलताना आपोआप वळायला लागतो. गजावर वरच्या अंगाला रंगीत टेपचा झेंडा चिकटवायचा आणि झेंडा सरळ वर असताना नळीच्या तोंडाशी गजावर पेन्सिलीने खूण करायची. मग सावकाश ढकलत जायचं. झेंडा उजवीकडे झुकतो, खाली जातो, डावीकडून वर येतो. पुन्हा सरळ वर आला की दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पीळ. आजोबांनी सुताराचा टेप लावला, चष्मा वर केला, आणि अंगठ्याचं नख बारावर ठेवून माझ्याकडे बघितलं. तेल आणि जुन्या दारूचा वास गॅरेजभर पसरला होता. त्यांच्या वडिलांनी ही रायफल दुकानातून आणली तेव्हा कुणीतरी त्यांच्या वतीने ठरवून टाकलं होतं की या माणसाला १०० ग्रेन लागणार नाही.

आपल्याकडे हा प्रश्नच उद्भवत नाही, हेही इथे सांगायला हवं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली. परवान्यावर मिळणारी .३१५ ची बोल्ट-ॲक्शन इशापूरच्या सरकारी कारखान्याची, आणि तिची काडतुसं पुण्याच्या खडकीच्या कारखान्यातली. नळी आणि गोळी दोन्हीचा मालक एकच. निवड नाही म्हणून चूकही नाही. नेमबाजीच्या खेळात तर गोष्ट अजून सोपी. आमच्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकला, तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात, विश्वविजेती झाली. या प्रकारांत वापरतात ती .२२ लाँग रायफल, ४० ग्रेनची गोळी, १६ इंचांच्या आसपास एक फेरा. तिथे वजनांचा घोळ नाही. ते लोक एकाच कंपनीच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून तपासत बसतात. हा वेगळाच छंद, त्यावर पुन्हा कधीतरी.

अमेरिकेत मात्र निवडीचा महापूर आहे आणि .२२३ मध्ये तो सर्वांत जास्त. हे काडतूस मुळात १:१२ च्या पिळावर वाढलेलं. त्यामागे लष्करातली एक गोष्ट आहे. एआर-१५, म्हणजे लष्कराच्या एम-१६ चं मूळ रूप, पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यात १:१४ चा पीळ होता. अलास्कात थंडीत चाचण्या झाल्या तेव्हा गोळ्या भरकटायला लागल्या. थंड हवा दाट असते, तिचा रेटा जास्त. १९६३ मध्ये पीळ १:१२ झाला. पुढे १९८० च्या दशकात ६२ ग्रेनची लांब गोळी आली आणि तिच्यासोबत तिच्याहून लांब, उजेड सोडत जाणारी ट्रेसर. ट्रेसरसाठी म्हणून लष्कराने थेट १:७ गाठलं. नागरी बोल्ट-ॲक्शनवाले मात्र पुढे कितीतरी वर्षं १:१२ लाच चिकटून होते. सुंभ जळालं तरी पीळ जात नाही, तो हा. एका बाजूने त्यांचंही खरं होतं. फिरवल्याने गोळीतला लहानसहान असमतोल वाढून दिसतो, म्हणून गरजेपुरताच पीळ द्यावा ही जुनी रीत. बेंचरेस्टवाले, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून अचूकतेची स्पर्धा करणारे, आजही ती पाळतात. त्यांच्या ६ पीपीसी काडतुसाच्या नळीला १:१३.५ किंवा १:१४ चा पीळ असतो आणि त्यातून ते एकाच भोकात पाच गोळ्या घालतात. पण त्यांच्या गोळ्या बुटक्या, आणि अंतर ठरलेलं.

आमच्या रेंजवर एकजण जाड नळीची, सुरेख पॉलिश केलेली, माझ्या रायफलच्या तिप्पट किमतीची .२२३ घेऊन आला. पीळ १:१२. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की लांबवर मारायचं तर ७७ ग्रेन घे. शंभर यार्डांवर त्याच्या कागदावर गट असा नव्हताच. इकडे एक, तिकडे एक, एक तर लाकडी चौकटीत. जवळ जाऊन बघितलं तर भोकं गोल नव्हती. एका भोकात गोळीची सबंध आडवी आकृती उमटली होती, नाक एकीकडे आणि बूड दुसरीकडे, कडेला कागद फाटून बाहेर वळलेला. याला इथे कीहोल म्हणतात, कुलपाच्या भोकासारखं म्हणून. गोळी कोलांट्या खात आली होती. त्याला वाटत होतं दुर्बीण ढिली झाली. मी त्याला माझ्याकडची ५५ ग्रेनची काडतुसं दिली आणि त्याच नळीने एका नाण्याखाली झाकतील अशी भोकं पाडली. रायफल उत्तमच होती. तिला चुकीचं जेवण वाढलं होतं.

माझी ॲक्सिस १:९ ची. ही मधली गल्ली. ५५ ला चालते, ६९ ला झकास, आणि ७७ ला काठावर. किती काठावर ते बघायला ग्रीनहिलपेक्षा नेमकं सूत्र आहे, डॉन मिलर याने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेलं. त्यातून एक आकडा निघतो. तो १ च्या खाली गेला की कोलांट्या, १.५ च्या वर असला की निर्धास्त, आणि मधला पट्टा बेभरवशाचा. ७७ ग्रेनची, एक इंच लांबीची गोळी घालून मी हिशेब केला. १:१२ ला ०.८ च्याही खाली येतं, त्या पॉलिशवाल्या रायफलचं कोडं तिथेच सुटतं. १:८ ला १.७५. आणि माझ्या १:९ ला १.३८. हा आकडा पंधरा अंश सेल्सियसच्या, समुद्रसपाटीच्या हवेतला. हिवाळ्यात इथे पारा उणे दहावर जातो तेव्हा तो १.२६ वर येतो. उलट हीच रायफल कोलोरॅडोत डेन्व्हरला नेली, जिथे हवा विरळ, तर १.६ च्या पुढे जातो. ‘माझ्या १:९ मधून ७७ मस्त जाते’ आणि ‘माझ्या १:९ मधून ७७ मुळीच जात नाही’ असं दोन माणसं छातीठोक सांगत असतील तर दोघांच्या गावची उंची आणि महिना विचारावा. माझ्याकडे ऑक्टोबरात ७७ चा गट बरा येतो, जानेवारीत तो पसरतो. भोकं गोलच राहतात, फक्त एकमेकांचा शेजार सोडतात.

गंमत म्हणजे या बाबतीत गेल्या दहा-पंधरा वर्षांत स्वस्त रायफली महागांच्या पुढे गेल्या. रुगर अमेरिकन २०१२ च्या सुमारास आली, आणि तिच्या .२२३ ला १:८ चा पीळ मिळाला. तिची नळी थंड लोखंडावर हातोडे मारून घडवलेली असते. आत पिळाचा उलटा साचा, बाहेरून ठोके, आणि आटे आतून उमटतात. साचा एकदा केला की १:१२ ची नळी काढा नाहीतर १:८ ची, खर्च तोच. ज्यांच्या कपाटात जुने साचे आणि जुनी गिऱ्हाइकं नव्हती त्यांना नवा आकडा घ्यायला अडचण आली नाही. ६.५ क्रीडमूरचंही तसंच. होर्नडीने २००७ मध्ये ते आणलं तेव्हा लांब गोळ्या आणि १:८ चा पीळ ही जोडी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. त्या काडतुसात जादू काही नाही. पण कुठल्याही कंपनीची, कितीही स्वस्त रायफल घेतली तरी पिळाचा प्रश्न पडत नाही, आणि माझ्या मते त्याच्या लोकप्रियतेतला अर्धा वाटा याचा आहे. उलट .२७० विंचेस्टर बघा. १९२५ पासून १:१० वर बसलंय, १३० ते १५० ग्रेनमध्ये सुखी आहे. त्याच जाडीच्या १६५-१७५ ग्रेनच्या लांब गोळ्या वापरायच्या म्हणून २०२१ मध्ये ६.८ वेस्टर्न हे अख्खं नवं काडतूस आणावं लागलं, जास्त पिळाच्या नळ्यांसकट.

मग सगळ्यांनाच भरपूर पीळ का देत नाहीत? देतात हल्ली. १:८ मधून ५५ ग्रेन उत्तम जाते, बेंचरेस्टवाल्यांना दिसेल तेवढा फरक हरणाला दिसत नाही. एक अडचण आहे ती पातळ कवचाच्या, खास ग्राउंडहॉगसाठी केलेल्या गोळ्यांची. सेकंदाला २८०० फुटांच्या वेगाने १:८ मधून निघालेली गोळी मिनिटाला अडीच लाखांवर फेरे घेते. त्या नाजूक गोळ्या अजून वेगात, १:७ मधून सोडल्या तर साडेतीन लाखांच्या पुढे, आणि मग त्यातली एखादी वाटेतच फुटते. कागदापर्यंत काहीच पोहोचत नाही, हवेत राखाडी फुंकर दिसते आणि नेमबाज आपण एवढे कसे चुकलो म्हणून दुर्बिणीकडे बघत राहतो.

आता या सगळ्यात तांबं आलंय. कॅलिफोर्नियात २०१९ च्या जुलैपासून शिकारीला शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या. कारण काँडोर. शिकाऱ्याने टाकलेल्या आतड्यांत शिशाचे कण राहतात, ते खाऊन ही प्रचंड गिधाडं विषबाधेने मरत होती. आपल्याकडे डायक्लोफेनॅक टोचलेली गुरं खाऊन गिधाडं गेली, तशातलीच गोष्ट. मेलेल्या जनावरावर जगणाऱ्याला माणसाने त्यात काय ठेवलंय ते कसं कळणार. शिशाला पर्याय म्हणजे सबंध तांब्याची गोळी, आणि तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढंच वजन हवं तर गोळी लांब करावी लागते. ८० ग्रेनची तांब्याची गोळी शिशाच्या १०० ग्रेनवालीच्या जवळपास लांब होते. वजनावरून पीळ ठरवायची जुनी सवय इथे पूर्ण कोसळते, आणि शिसं वापरणाऱ्यांना जे कधी कळलं नसतं ते तांब्यामुळे कळायला लागलंय.

पेन्सिल्व्हेनियात शिशावर बंदी नाही. पण आजोबांच्या नातीने गरुडांबद्दल कुठेतरी वाचलं आणि या वर्षी तांबंच वापरायचं असं ठरवलं. आजोबा म्हणाले, पणजोबांची .२४४ घे, ८० ग्रेनच तर आहे, आरामात चालेल. मी व्हर्नियर आणि मिलर घेऊन बसलो. १:१२ मधून आकडा एकाच्या खाली. आजोबांनी तो दोनदा करायला लावला. त्यांच्या दृष्टीने ७५ आणि ९० च्या मधलं ८० न चालणं म्हणजे शुद्ध आगाऊपणा होता.

नातीने शेवटी रुगर अमेरिकन घेतली, .२४३ मध्ये, १:९ ची. ७२२ गॅरेजमध्ये ग्राउंडहॉगच्या ड्यूटीवर आहे, ७५ ग्रेनच्या शिशाच्या गोळ्यांवर. नव्या रायफलचा दस्ता दोन बोटांनी दाबला तर वाकतो, हे आजोबा येईल त्याला दाबून दाखवतात. सप्टेंबरच्या उन्हात तिने ८० ग्रेनच्या तांब्याच्या गोळीने छान गट काढला. हंगाम सुरू होईल तेव्हा उणे दहा असेल. माझ्या हिशेबात तेव्हा बरोबर दीड येतं, त्यामुळे पहिली थंडी पडली की पुन्हा एकदा रेंजवर जाऊन बघायचं ठरलंय.